जमिनीखालचे वर्ष

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळुरूच्या लालबागेसमोर रांगा लागतात. स्वातंत्र्यदिनाच्या पुष्पप्रदर्शनासाठी लोक लांबून येतात. 1889 मध्ये ज्याची पायाभरणी झाली त्या काचघरात शिरले की फुलांपुढे पावले रेंगाळू लागतात. ऑर्किडची कुंडी दिसली तर मोबाइल हमखास बाहेर येतो. ही ऑर्किडे बहुतेक संकरित असतात, फेलेनॉप्सिस नाहीतर डेंड्रोबियम. मूळ आग्नेय आशियातल्या जंगलांचे, पण वाढलेली रोपवाटिकेत, आणि त्याआधी प्रयोगशाळेच्या काचेच्या बाटलीत.

त्याच दिवसांत शहराबाहेरच्या खडकाळ टेकड्यांवर, झुडपी रानातल्या गवतात दुसरी एक ऑर्किड फुललेली असते. वीत-दीड वीत उंचीचा हिरवा दांडा, त्यावर पांढऱ्या फुलांचा तुरा आणि बुडाशी जमिनीला घट्ट चिकटलेली दोन-चार रुंद पाने. तिचे शास्त्रीय नाव हबेनारिया रॉक्सबर्घाय. या प्रजातीला मराठीत हबेआमरी म्हणतात. शेजारून गुरे चरत जातात, गुराख्याचा पाय फुलाच्या कडेने पडतो, आणि पंधरा-वीस दिवसांत तिचा हंगाम उरकतो.

ऑर्किड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडाच्या फांदीला मुळांनी मिठी मारलेले, हवेत लोंबणारे फूल येते. ते चुकीचे नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत देशातल्या 1,256 जातींच्या ऑर्किडांची नोंद आहे. त्यांपैकी 757 झाडांवर वाढतात. पण 447 जाती सरळ मातीत उगवतात. जमिनीवरच्या या ऑर्किडांकडे आपल्याकडे फार कमी लक्ष गेले. युरोपात मात्र ऑर्किडची सगळी कहाणीच जमिनीवर सुरू झाली, कारण तिथे झाडावर वाढणारी ऑर्किड जवळपास नाहीच. म्हणून बंगळुरूजवळची हबेआमरी नीट समजून घ्यायची तर थोडे भूमध्य समुद्राकाठी जाऊन यावे लागते.

तिथल्या एखाद्या टेकडीवर मार्चमध्ये उभे राहिले तर चुनखडीचे पांढरे दगड दिसतात, त्यांच्या फटींतून थाइम आणि रोझमेरीची बुटकी, सुवासिक झुडपे. फ्रान्समध्ये या रानाला गारिग म्हणतात, ग्रीसमध्ये फ्रिगाना. माती इतकी पातळ की कुदळ लगेच दगडावर आपटावी. या झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जुन्या ऑलिव्हच्या बागांच्या कडेला ऑफ्रिस प्रजातीची ऑर्किडे फुलतात. त्यांतली एक, ऑफ्रिस स्पेक्युलम, म्हणजे आरसा-ऑर्किड. फूल बोटाच्या पेराएवढे. खालची पाकळी, जिला ऑर्किडच्या भाषेत ओठ म्हणतात, ती मधोमध चकचकीत निळी आणि कडेने तांबूस-तपकिरी केसांची झालर असलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला फुलावर एखादा कीटक बसला आहे असेच वाटते.

कीटकालाही तसेच वाटते, हे पहिल्यांदा एका न्यायाधीशाच्या लक्षात आले. मॉरिस-अलेक्झांडर पुयान हे अल्जीरियात फ्रेंच अमलातल्या न्यायालयात काम करत. सुमारे वीस वर्षे ते आरसा-ऑर्किडजवळ बसून पाहत राहिले. फुलाकडे येणारी गांधीलमाशी एकाच जातीची असे आणि येणारे सगळे नर असत. हे नर मध प्यायला येत नव्हते, कारण फुलात मध नव्हताच. ते त्या निळ्या ओठाशी समागमाचा प्रयत्न करत आणि त्या धडपडीत परागांचे दोन पिवळे गोळे डोक्याला चिकटवून घेऊन पुढच्या फुलाकडे जात. या जातीचे नर माद्यांच्या आधी जमिनीतून बाहेर पडतात. माद्या यायच्या आधीचे ते दिवस, आणि नेमके तेव्हाच फूल उमललेले. पुयान यांनी आपले निरीक्षण हेन्री कोरेव्हॉन यांच्यासोबत 1916 मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा बऱ्याच जाणकारांना ते पटायला जड गेले.

पटले नाही यात नवल नव्हते. फूल मध देत नाही आणि तरी कीटकाला बोलावते, हीच गोष्ट त्याआधी सव्वाशे वर्षे वादात होती. जर्मनीतल्या क्रिस्टियान कोनराड स्प्रेंगल यांनी 1793 मध्ये लिहून ठेवले होते की काही ऑर्किडांच्या मधाच्या नळ्या कोरड्या असतात आणि ही फुले कीटकांना फसवतात. चार्ल्स डार्विन यांनी 1862 मध्ये ऑर्किडच्या परागीभवनावर आख्खे पुस्तक लिहिले, पण स्प्रेंगल यांचा हा मुद्दा त्यांच्या गळी उतरला नाही. कीटक इतके मूर्ख नसतात, पिढ्यान्‌पिढ्या ते फसत राहतील हे शक्य नाही, असे त्यांना वाटत होते. या बाबतीत स्प्रेंगल बरोबर निघाले. 1999 मध्ये फ्लोरियान शीस्टल आणि सहकाऱ्यांनी ऑफ्रिसच्या दुसऱ्या एका जातीच्या फुलातला गंध तपासला. मादी मधमाशीच्या अंगावर जे मेणचट हायड्रोकार्बन असतात, तेच जवळपास त्याच प्रमाणात फुलावरही आढळले. म्हणजे डोळ्यांपेक्षा नाकाची फसवणूक मोठी होती.

हबेआमरी असे काही करत नाही. तिचा व्यवहार रोखीचा आहे. फुलाच्या मागे शेपटीसारखी लोंबणारी एक बारीक पोकळ नळी असते आणि तिच्या टोकाशी खरोखरचा मध असतो. काही जातींत ही नळी फुलापेक्षा कितीतरी लांब असते. पांढरा रंग, अंधार पडल्यावर वाढणारा सुगंध आणि लांब नळी या तिन्ही गोष्टी एकाच पाहुण्याकडे बोट दाखवतात, तो म्हणजे रात्रीचा पतंग. पतंग आपली लांब सोंड नळीत घालतो तेव्हा परागांचे गोळे त्याच्या डोळ्याला किंवा सोंडेला चिकटतात. लाटिन भाषेत हबेना म्हणजे लगाम, चामड्याची पट्टी. फुलाच्या पट्ट्यांसारख्या अवयवांवरून कार्ल विल्डेनॉव यांनी 1805 मध्ये या प्रजातीला हे नाव दिले.

तर जमिनीच्या वर या दोघींची रीत एकदम वेगळी आहे. जमिनीखाली मात्र त्या सख्ख्या बहिणी निघतात.

ऑफ्रिस किंवा तिची भावकीतली ऑर्किस फुलोऱ्यात असताना खणली तर मुळाशी दोन कंद सापडतात. एक सुरकुतलेला, मऊ पडलेला, दुसरा टणक आणि भरलेला. सुरकुतलेला कंद गेल्या वर्षीचा. त्याच्यातला साठा वापरून यंदाची पाने आणि फुले आली. भरलेला कंद पुढच्या वर्षीचा. पाने उन्हात जे कमावतात ते त्यात जमा होत असते. जोडीने असलेल्या या कंदांच्या आकारामुळे ग्रीकांनी या वनस्पतीला ऑर्किस म्हणजे वृषण हे नाव दिले. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-चौथ्या शतकात थिओफ्रास्टस यांच्या लेखनात ते येते, आणि पुढे हजारो जातींच्या आख्ख्या कुलाला तेच चिकटले. हबेआमरीही हाच हिशेब पाळते. जुना कंद खर्ची पडतो, नवा भरतो.

भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. म्हणून ऑफ्रिसचे कंद जूनपासून झोपतात, शरद ऋतूतल्या पहिल्या पावसाने जागे होतात, हिवाळाभर पाने उन्हे खातात, वसंतात फूल येते आणि उन्हाळ्याआधी सगळे वाळून जाते. दख्खनच्या पठारावर ऋतू उलटे. इथे डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत माती तापत, सुकत जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या बंगळुरूत मे महिन्यात वळवाच्या सरी येतात, जून ते ऑगस्ट रिमझिम चालते आणि खरा जोरदार पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. हबेआमरी या तालावर चालते. पावसाच्या सुरुवातीला पाने, ऑगस्टच्या आसपास फुले, पाऊस ओसरताना बिया आणि थंडी सुरू झाली की जमिनीवर काहीच नाही. दोन्हीकडे शत्रू एकच आहे, कोरडा काळ. दोन्हीकडे उपायही एकच निघाला.

याची सर्वांत विलक्षण तऱ्हा नर्व्हिलिया या प्रजातीत दिसते. ही पश्चिम घाटात आणि कर्नाटकातल्या सावलीच्या रानांतही आढळते. वळवाचा पाऊस पडून गेला की काही दिवसांतच पाचोळ्यातून नुसता फुलाचा दांडा वर येतो, पान एकही नाही. फूल सुकते, दांडा जातो, आणि मग त्याच कंदातून एकच पान उगवते, तेही कधीकधी जमिनीला टेकलेले. फूल पाहिलेल्याला पान दिसत नाही, पान पाहिलेल्याला फूल ठाऊक नसते. एकाच वनस्पतीची ही दोन रूपे ओळखायला अभ्यासकाला त्याच जागी महिन्या-दोन महिन्यांनी परत यावे लागते.

अशा चिकाटीची परंपरा बंगळुरूला आहे. सेंट जोसेफ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे जेझुइट धर्मगुरू सेसिल साल्दान्हा यांनी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतले डॅन निकोल्सन यांच्याबरोबर हासन जिल्ह्याची वनस्पतिसंपदा नोंदवली. तो ग्रंथ 1976 मध्ये आला आणि त्यानंतर साल्दान्हा संपूर्ण कर्नाटकाच्या वनस्पतींकडे वळले. त्याआधी, 1974 मध्ये, पश्चिम घाटातल्या झाडांवरच्या काही चिमुकल्या ऑर्किडांसाठी त्यांनी एक नवी प्रजाती मांडली आणि तिला स्मिथसोनिया हे नाव दिले. आपल्या मुंबईतही हे काम जेझुइटांच्याच हातून पुढे गेले होते. सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव आणि झरीर कपाडिया यांचा मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवरचा ग्रंथ 1966 चा. आज कासच्या पठारावर टूथब्रश ऑर्किड, म्हणजे हबेनारिया हेनियाना, पाहून पर्यटक हरखतात. तिचे नाव-गाव सांगू शकणाऱ्या माहितीमागे हर्बेरियमच्या कागदांवर वाळवून चिकटवलेली अशी हजारो रोपे आहेत.

कंद दोन आहेत म्हणजे एक उपटायला हरकत नाही, असे मात्र नाही. तुर्कस्तानात ऑर्किस, ऑफ्रिस आणि त्यांच्या नात्यातल्या जातींचे भरलेले कंद खणतात, दुधात किंवा पाण्यात उकळतात, वाळवतात आणि दळतात. या पिठाला सालेप म्हणतात. त्याचे गरम दूध हिवाळ्यात पितात आणि मराश शहराचे ताणले जाणारे चिवट आइसक्रीमही त्याच्यामुळेच चिवट होते. एक किलो पिठाला हजाराहून अधिक कंद लागतात. खणणारा भरलेला कंद, म्हणजे पुढचे वर्षच, घेऊन जातो. तुर्कस्तानने सालेपच्या निर्यातीवर बंदी घातली आहे.

मराठी वाचकाला हा पदार्थ अनोळखी नाही. काष्ठौषधींच्या दुकानात शक्तिवर्धक म्हणून मिळणारी सालममिश्री ती हीच. सालेप आणि सालम या दोन्ही शब्दांचे मूळ अरबी भाषेत आहे. तिथे साअलब म्हणजे कोल्हा, आणि या कंदांचे जुने अरबी नाव कोल्ह्याच्या वृषणांवरूनच पडले होते. मिश्री म्हणजे मिस्रची, इजिप्तची. इराण-अफगाणिस्तानाकडून हा माल पूर्वापार हिंदुस्थानच्या बाजारात येत राहिला, आणि तो महाग पडू लागला की त्याच्या जागी देशातल्याच ऑर्किडांचे कंद खणले गेले. हिमालयात डॅक्टिलोऱ्हायझा, दख्खनकडे युलोफिया, म्हणजे आपला अमरकंद. अमर या शब्दाने बिचाऱ्या कंदाचे भले केले नाही. आज सगळ्या जंगली ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे. पण बाजारात दळून आलेल्या पिठावरून ते कोणत्या जातीचे, कुठल्या डोंगरातले, हे साध्या नजरेला कळत नाही.

खणून आणलेला कंद घरच्या कुंडीत लावावा, असेही काहींना वाटते. त्यात सहसा यश येत नाही, आणि त्याचे कारण 1899 मध्ये फ्रान्समधल्या नोएल बर्नार या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला फोंतेनब्लोच्या जंगलात सापडले. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते. एका बोंडात हजारोंनी, काही जातींत लाखोंनी बिया असतात. त्यांत अन्नाचा साठा नसतो. हरभऱ्याच्या दाण्यात रोपाची शिदोरी असते, ऑर्किडच्या बियांत ती नाही. मातीतल्या विशिष्ट बुरशीचे तंतू बीमध्ये शिरले आणि त्यांनी अन्न पुरवले तरच ते रुजते. अंकुर कित्येक महिने, काही जातींत वर्षे, पान न फुटता जमिनीखालीच बुरशीच्या आधारावर जगतो. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीविनाही बी रुजवून दाखवले. लालबागेतल्या त्या संकरित फुलांचा सगळा व्यापार त्या शोधावर उभा आहे. रानातल्या हबेआमरीला मात्र अजूनही बुरशीच लागते, आणि ती बुरशी त्या मातीत असावी लागते. माती बदलली, खत पडले, बुलडोझर फिरला, की भागीदारी मोडते.

म्हणून या ऑर्किडांचे घर म्हणजे ती जमीन, आणि ही जमीन कागदावर कशी लिहिली जाते यावर त्यांचे भवितव्य ठरते.

युरोपात या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट घडली. गारिग, फ्रिगाना आणि चुनखडीवरची कोरडी कुरणे ही माणसाने आणि त्याच्या शेळ्यामेंढ्यांनी हजारो वर्षे चरून मोकळी ठेवलेली जागा आहे. विसाव्या शतकात खेडी ओस पडली, मेंढपाळ शहरांत गेले, झुडपे दाट झाली, आणि उजेड हवा असणारी ऑर्किडे त्याखाली संपत गेली. दुसरीकडे कुरणांना रासायनिक खत मिळाले तिथे गवत माजले आणि ऑर्किड दबली. हे ध्यानात घेऊन 1992 च्या युरोपीय अधिवास-निर्देशात चुनखडीवरच्या कोरड्या कुरणांना स्थान मिळाले. त्यातही जिथे ऑर्किड विपुल आहेत अशा कुरणांना अग्रक्रम देण्यात आला. खुरटे गवत आणि दगड असलेली जमीन ऑर्किडमुळे मौल्यवान ठरली. इतके साधे, आणि तरी आपल्याकडे अजून न घडलेले.

आपल्याकडे अशा जमिनीला मराठीत गायरान म्हणतात, कर्नाटकात गोमाळ. दोन्ही शब्दांत गाय आहे, म्हणजे गावाला या जमिनीचा उपयोग माहीत होता. पण केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी रान 'वेस्टलँड' म्हणून मोजले जाते. पडीक म्हटले की दोनच गोष्टी सुचतात, बांधकाम किंवा वृक्षारोपण. ऑर्किडच्या दृष्टीने दुसरी पहिलीपेक्षा फार सौम्य नाही. 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या नावाने बंगळुरू आणि कोलारभोवती निलगिरीच्या रांगा उभ्या राहिल्या. सावली, पाचोळा आणि पाण्याचा उपसा यांनी खालचे गवताचे जग बदलले. 2017 मध्ये कर्नाटकाने नव्या निलगिरी लागवडीवर बंदी आणली.

कनकपुरा रस्त्यालगतचे तुरहळ्ळी हे सुमारे 600 एकरांचे झुडपी रान आता चारही बाजूंनी शहराने वेढलेले आहे. तिथे ट्री पार्क करण्याची योजना 2021 च्या सुरुवातीला पुढे आली. शेकडो नागरिक रस्त्यावर आले, त्यांचे म्हणणे होते की हे रान आहे तसेच राहू द्या, आणि योजना मागे घेण्यात आली. शहराच्या वायव्येला हेसरघट्ट्याचे गवताळ रान आहे. एकेकाळी तिथे चित्रनगरी व्हायची होती. ते संवर्धन-राखीव क्षेत्र करण्याचा प्रस्ताव 2021 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने फेटाळला. लोक न्यायालयात गेले, पाठपुरावा चालू राहिला, आणि 2024 मध्ये पाच हजार एकरांहून मोठ्या क्षेत्राला मंडळाने मान्यता दिली. या लढ्यात पुढे होते ते पक्षी, हेसरघट्ट्याच्या गवतात येणारे शिकारी पक्षी आणि तिथे दिसलेला दुर्मिळ तणमोर. त्यांच्या छत्राखाली गवतातल्या साऱ्या लहान वनस्पतींनाही जागा मिळाली.

पक्ष्याचा फोटो निघतो, तो उडताना दिसतो. हबेआमरीचे तसे नाही. जानेवारीत एखाद्या गोमाळाची पाहणी करायला गेलेल्या माणसाला पिवळे गवत, तापलेला गनाइस खडक आणि बोराटीची झुडपे दिसतील. फारच बारकाईने पाहिले तर कुठे एखादा वाळका दांडा सापडेल. त्याच्यावर बोटाच्या नखाएवढी बोंडे असतील. ती टोकाला आणि बुडाला बंदच असतात, चिरा फक्त कडांना पडलेल्या. दांड्याला धक्का लागला तर त्या चिरांतून थोडीशी फिकट धूळ उडते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. दांडा जिथे जमिनीत शिरतो तिथून चार बोटे खाली यंदाचा कंद भरलेला असतो, वळवाची वाट पाहत.